संध्याकाळी सातनंतरचं काय?

११ मे १९३५, शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस येरझाऱ्या घालत होता. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फिसकटला होता. खिशात जेमतेम दहा डॉलर आणि गावात ओळखीचं कुणी नाही. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. विल्सन टेलिफोनकडे गेला. एका पाद्रीमार्फत हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचला आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या दिवशी गावातल्या एका सर्जनला भेटला. हे डॉ. बॉब स्मिथ स्वतः दारूत बुडालेले होते. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते आले आणि दोघं सहा तासांहून जास्त वेळ बोलत बसले. डॉ. बॉब शेवटचं प्यायले त्या १९३५ सालच्या १० जूनला ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ची स्थापना झाली असं मानतात.

या गोष्टीतल्या बारबद्दल बरंच बोललं जातं. शनिवारबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अनोळखी गाव, बिघडलेलं काम आणि पुढे पसरलेली रिकामी संध्याकाळ. दारू सोडलेल्या माणसाला कोंडीत पकडायला एवढं पुरतं.

वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाची संध्याकाळ आखलेली असते. कामावरून सुटलं की नाक्यावर कोण भेटणार, परमिट रूममधलं टेबल कुठलं, शेंगदाण्यांवर कांदा किती, बिल आज कुणाकडे आणि घरी कुणाच्या गाडीवर मागे बसून जायचं, सगळं न बोलता ठरलेलं. वेटरही नावाने हाक मारतो. दारू सुटली की हे सगळं एका झटक्यात जातं. व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना वेळापत्रक कडक असतं: पहाटे उठणं, प्रार्थना, व्यायाम, गटचर्चा, समुपदेशन. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये हा मुक्काम साधारण ३५ दिवसांचा असतो. छत्तिसाव्या दिवशी माणूस घरी येतो, दिवस कसाबसा जातो आणि संध्याकाळी सात वाजता कळतं, की आता कुठे जायचं ते ठाऊकच नाही.

त्यात शरीर साथ देत नाही. पहिले काही आठवडे, कित्येकांना काही महिने, झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, कशातच जीव रमत नाही. दारूच्या हिशोबाने वळण लागलेला मेंदू साध्या गोष्टींतला आनंद घ्यायला पुन्हा शिकत असतो, आणि हे शिकणं सावकाश चालतं. म्हणून पहिल्यांदाच न पिता मित्रांत जाऊन बसलेल्या माणसाला वाटतं, आपणच कंटाळवाणे झालो, दारू होती म्हणून आपल्यात काही गंमत होती. हा समज चुकीचा आहे, पण त्या घडीला तो अगदी खरा वाटतो.

सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी सोडलेलं व्यसन पुन्हा सुरू होतं ते नेमकं कोणत्या क्षणी, याचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांच्या जुन्या, आजही शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश घसरणी तीनच कारणांत बसल्या. राग, निराशा, एकटेपणा अशा मनःस्थितीत ३५ टक्के, इतरांच्या आग्रहामुळे किंवा संगतीमुळे २० टक्के आणि घरात-कामावर झालेल्या भांडणानंतर १६ टक्के. म्हणजे माणूस घसरला तो बहुतेक वेळा माणसांमुळे किंवा माणसं नसल्यामुळे. मार्लट यांनी आणखी एक बारकावा टिपला. घसरण प्याल्यापाशी सुरू होत नाही. ती त्याआधीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या निर्णयांत दडलेली असते. सिगारेट हवी म्हणून नेमकी जुन्या बारशेजारचीच टपरी आठवणं, किंवा ‘फक्त भेटून येतो’ म्हणत आठ वाजता बाहेर पडणं. घरच्यांना हे लगेच कळतं. जाणाऱ्याला मात्र त्या वेळी खरोखरच वाटत असतं, की आपण सिगारेटच आणायला चाललो आहोत.

तेव्हा जुनी संगत सोडा, हा सल्ला योग्यच आहे. मोबाइलमधला शुक्रवारच्या बैठकीचा ग्रुप सोडावा लागतो, काही नंबर काढून टाकावे लागतात, घरी येण्याचा रस्ता बदलावा लागतो. अडचण अशी की हा सल्ला अर्धाच आहे. चारचौघांत उठबस असलेल्या माणसाला ‘मित्र सोड’ म्हणणारे सगळे असतात, ‘मग बसू कुणाबरोबर?’ या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नसतं. बायकोने आणि आईने ती जागा भरावी, ही अपेक्षा तर अन्यायाचीच. त्या बिचाऱ्या आधीच थकलेल्या असतात.

मैत्रीला किती वेळ लागतो? कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा हिशोब मांडला. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास, पक्का मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात. हे गणित दारूच्या टेबलाला लावून पाहावं. रोज तीन तास बसणाऱ्या चौकडीचे २०० तास अडीच महिन्यांच्या आत भरतात. ते मित्र जिवाभावाचे वाटतात यात नवल नाही. तास खरोखरच मोजलेले असतात. उलट, रविवारी सकाळी टेकडीवर तासभर भेटणाऱ्या नव्या सोबत्याबरोबर तेवढेच तास व्हायला जवळपास चार वर्षं लागतील. दारू सोडलेला माणूस दोन-तीन महिन्यांत ‘नवे मित्र काही जुळत नाहीत’ म्हणून हताश होतो, तेव्हा त्याच्या स्वभावात खोट नसते, तासच भरलेले नसतात.

एएच्या वर्तुळात नव्या माणसाला ‘९० दिवसांत ९० मीटिंगा कर’ असं सांगायची पद्धत आहे. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो. पण दीड तासाची एक मीटिंग धरली तर ९० मीटिंगांचे १३५ तास होतात. म्हणजे ज्या चार-सहा चेहऱ्यांशी रोज गाठ पडते त्यांच्यातला एखादा तीन महिन्यांत मित्र होऊन जातो. पद्धत पाडणाऱ्यांनी गणित केलं नव्हतं, पण ते बरोबर जमलं.

एकच मित्र झाला, तरी काय मोठासा फरक पडतो? अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात मार्क लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूवर अवलंबून असलेल्या २१० स्त्री-पुरुषांवर एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २००७ आणि २००९ मध्ये छापून आले. एका गटाला मुद्दाम आपलं वर्तुळ बदलायला मदत केली गेली, म्हणजे न पिणाऱ्यांशी गाठीभेटी वाढवायला. वर्तुळात न पिणारा एक जरी माणूस वाढला, तरी पुढचं वर्ष दारूविना जाण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. दहा पिणाऱ्या मित्रांशी भांडण काढण्यापेक्षा न पिणारा एक शोधणं सोपंही आहे आणि उपयोगीही.

भारतात एए १९५७ साली मुंबईत सुरू झालं. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात मराठी, हिंदी, कोंकणी, इंग्रजी अशा भाषांत त्याच्या सभा भरतात. जागा बहुधा उसनी असते, एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. संध्याकाळी मुलं गेल्यावर खुर्च्या गोल मांडल्या जातात. वर्ग प्राथमिकचा असला तर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन छोट्या बाकांवर बसतात आणि मागे फळ्यावर पाढे तसेच असतात. टेबलावर बिस्किटांचा पुडा, कागदी कपात चहा. बोलणारा फक्त पहिलं नाव सांगतो आणि आपण मद्यपी आहोत असं म्हणतो. मग त्याची गोष्ट. रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, निवृत्त मास्तर एकाच रांगेत असतात. मध्येच कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही, प्रवचन झोडत नाही. फी नसते, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला टाकायचे तो टाकतो. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा असली की झालं. वर्ष पूर्ण झालं की ‘बर्थडे’ साजरा होतो आणि पन्नाशीचा माणूस ‘मी आज दोन वर्षांचा झालो’ असं सांगत केक कापतो.

पण अनेकांच्या मते खरी सभा त्यानंतर सुरू होते, गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. तिथे कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा थकलेला हप्ता, क्रिकेट, साहेबाच्या शिव्या, सगळं निघतं. घड्याळात साडेनऊ वाजतात. ज्या वेळेची भीती होती ती वेळ गप्पांत निघून गेलेली असते.

हे सगळ्यांना मानवतं असं नाही. एएमधली देवाची, प्रार्थनेची भाषा काहींना खटकते, आणि खटकली तर त्यात काही वावगं नाही. २०२० मध्ये संशोधक जॉन केली आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागींचा आढावा घेतला. एएच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्णपणे दारूविना होते. इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक खरा आहे, पण हुरळून जाण्यासारखा नाही. केली यांच्याच दुसऱ्या कामातून दिसतं, की एएचा बराचसा गुण येतो तो माणसाचं वर्तुळ बदलल्यामुळे आणि चारचौघांत दारू टाळण्याचा आत्मविश्वास वाढल्यामुळे. तेच काम दुसऱ्या जागी होत असेल तर तीही जागा चालेल.

महाराष्ट्रात अशा जागा आहेत. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते ‘मुक्तांगण’ सुरू झालं ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर अनिल अवचटांनी केलेल्या लेखनातून आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारातून; पु. ल. आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तिथे बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक होतात आणि बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याला येत राहतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ काढलं. परेरा हे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथल्या उपचारात योगासनांना मोठं स्थान मिळालं. आसनांनी व्यसन जातं असा दावा करण्याची गरज नाही. ठरलेल्या वेळी, त्याच माणसांबरोबर, अंगमेहनतीचं काही करणं एवढंही कमी नसतं.

गावाकडे तर याहून जुनी सोय आहे. तुळशीची माळ. माळ घातलेल्याने मांस-मद्य वर्ज्य करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘पावण्यानं माळ घातलीय’ एवढं कुणी सांगितलं की भरलेला ग्लास आपोआप पुढे सरकतो. कारण विचारलं जात नाही, खिल्ली उडवली जात नाही. माळेबरोबर संगतही येते: गुरुवारचं किंवा एकादशीचं भजन, हरिनाम सप्ताह आणि आषाढीला आळंदी ते पंढरपूर सुमारे तीन आठवड्यांची पायी वारी. दिंडीत शेजारी चालणाऱ्याबरोबर किती तास जातात याचा हिशोब हॉल यांच्या गणिताने केला, तर एका वारीत माणूस जिवलगापर्यंत पोहोचतो. माळ घालून चोरून पिणारेही आहेत, हे नाकारायचं कारण नाही. आणि दीप अमावस्येला गटारी करून, श्रावण कडक पाळून, गणपती झाले की पुन्हा सुरू करणारे तर गल्लोगल्ली भेटतात. महिनाभर सोडता येते याचा त्यांना अभिमान असतो. दारूवर अवलंबून असलेल्या माणसाला हाच अभिमान फसवतो.

माळ नसलेल्याचं मात्र अवघड आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. समाजात न प्यायला कारण लागतं. मग लोक कारणं शोधतात: कावीळ झाली होती, साखर वाढलीय, डॉक्टरांची गोळी चालू आहे. शेवटचं कित्येकदा खरंही असतं. डायसल्फिराम ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली असेल आणि वर दारू प्यायली, तर धाप, मळमळ, छातीत धडधड असा त्रास होतो, क्वचित तो जिवावर बेततो. हे ऐकल्यावर आग्रह करणारा गप्प बसतो. खोटी कारणं मात्र फार दिवस पुरत नाहीत. कावीळ बरी होते, मग मित्र पुन्हा विचारतो. ‘मी सोडली’ हे दोन शब्द, हसून, पुढचं स्पष्टीकरण न देता म्हणायला जमले की अर्धी लढाई सोपी होते. केंद्रांमध्ये याचा चक्क सराव घेतात: एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नाही म्हणायचं.

खरी परीक्षा असते ती लग्नसराईत. ठाणे-रायगडाकडच्या हळदीची रात्र घ्या. मांडवात बायकांची गाणी, पुढे डीजे, आणि मागे अंधारात उभ्या केलेल्या गाडीची उघडी डिकी. पाहुणे एकेक करून तिकडे ‘जाऊन येतात’. सख्ख्या भाच्याची हळद टाळता येत नाही, आणि गेलं की मेहुणा हाताला धरून ओढतो. अनुभवी लोक सांगतात ते साधं आहे. काहीतरी खाऊन जावं, कारण रिकाम्या पोटी तलफ वाढते. आपली गाडी न्यावी, म्हणजे परतीसाठी पिणाऱ्यांवर विसंबावं लागत नाही. घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवावं. हातात कोकम सरबताचा किंवा सोड्याचा ग्लास धरावा, आणि खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलू नये; कुणी ‘गंमत म्हणून’ काय मिसळेल सांगता येत नाही. हळद लागली, आहेर दिला, जेवण झालं की निघावं. दहानंतर मांडवात राहिलेल्यांना कोण गेलं कोण आलं ते आठवतही नाही. पहिल्या वर्षात अगदीच धीर होत नसेल तर सकाळच्या लग्नाला जावं, आदल्या रात्रीच्या हळदीला जाऊ नये. चार नातेवाईक रुसतील. रुसू द्यावं.

शहरात मांडवाची जागा ऑफिसच्या आउटिंगने घेतली आहे. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कंपनीची टीम लोणावळ्याच्या रिसॉर्टवर जाते आणि मोठ्या साहेबांशी ओळख वाढते ती नेमकी रात्री अकराच्या टेबलावर. तिथे न बसणाऱ्याला बढतीत फटका बसेल ही भीती सर्वस्वी काल्पनिक नाही. अशा वेळी शून्य टक्के अल्कोहोलची बिअर हा मध्यममार्ग वाटतो. सोडून थोडेच दिवस झाले असतील तर तोही टाळावा. तोच रंग, तोच वास, तीच बाटली. मेंदूला जुनी वाट दाखवायला एवढं पुरतं.

स्त्रियांचा प्रश्न आणखी अवघड आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचं १.६ टक्के आढळलं. आकडा लहान असल्यामुळे मदतही तुटपुंजी. पुरुष ‘सोडली’ म्हणाला की त्याची पाठ थोपटतात. बाई ‘सोडली’ म्हणाली की लोक आधी ‘पीत होती?’ असं विचारतात. म्हणून ती गुपचूप पिते आणि गुपचूपच सोडते, आणि एकटीने सोडणं सर्वांत कठीण. ‘मुक्तांगण’चा स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग यासाठीच महत्त्वाचा. त्याच सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार किंवा मदत मिळाल्याचं दिसलं. बाकीच्या ३७ जणांना रिकाम्या संध्याकाळशी एकट्यानेच झुंजावं लागतं.

आता उरले यजमान, म्हणजे आपण सगळे. घरी बैठक असेल तर सरबत, ताक, लिंबू सोडा हे पहिल्यापासून टेबलावर, इतर बाटल्यांच्या शेजारी मांडलेलं असावं. मागितल्यावर फ्रीजमधून काढून ‘याच्यासाठी स्पेशल’ म्हणत आणू नये. ‘नको’ म्हटल्यावर ‘का?’ विचारू नये. ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य तर कुणीच उच्चारू नये, कारण समोरच्याला एकाने काय होतं ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आणि सोडलेल्या मित्राला ‘याला कशाला त्रास’ म्हणून यादीतून वगळूही नये. त्याला सकाळच्या ट्रेकला, नाटकाला, मिसळ खायला बोलवावं. जेवणच ठेवायचं तर दुपारचं ठेवावं.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आज आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. फिट येणं, भ्रम होणं असे परिणाम जिवावर बेतू शकतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६, दोन्ही मोफत आहेत. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’च्या वेगळ्या सभा भरतात, आणि घरातला माणूस अजून पीत असला तरी तिथे जाता येतं.